कप्तानाची हूल

६ जानेवारी २०२५

झालं! यंदा आम्हाला मारायला तज्ज्ञ येणार!

उत्सव समितीची बैठक झाली देवळात. विषय एकच, महाशिवरात्रीच्या नाटकातली लढाई. गेल्या वर्षी तिसऱ्या अंकात गडकरी झालेल्या शार्दूलने माझ्यावर वार केला आणि तलवारीचं पातं मुठीतून सुटून थेट पेटीवाल्याच्या मांडीवर! पेटीवाला पळाला तो थेट डांबरी रस्त्यापर्यंत. पुढची दोन पदं बिनपेटीची झाली. तेव्हापासून समितीला 'सुरक्षितता' हा शब्द सापडलाय.

आप्पा अध्यक्ष. त्यांनी जाहीर केलं: सखारामची नात राही मुंबईत मालिकांमधल्या मारामाऱ्या बसवते, ती आता रविवारी येऊन आपली लढाई बसवणार. सखारामला आयुष्यात डास मारता आला नाही, आणि नात फाईट मास्टर!

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भास्करा, तू पण यंदा पटकन मर हो. गेल्या साली तुझ्या मरणात लोकांचा चहा निवला."

निवला, कारण लोकांनीच वन्स मोअर दिला! फिरंगी कप्तान मरतो, लोक ओरडतात, कप्तान उठतो, पुन्हा मरतो. वडिलांच्या वेळेपासून असंच चालत आलंय. आमच्या गावात सोंगं घराण्याने जातात. गडकरी वरच्या आळीचा, कप्तान आमच्या घरचा. वडील कप्तान म्हणून वर्षानुवर्षं मेले आणि खरे एकदाच. गावाला खरं मरण आठवत नाही, बाकीची सगळी आठवतात.

आप्पांच्या शेजारी त्यांचा ठाण्याचा जावई संदेश. "काकांना झेपलं नाही तर मी आहे," म्हणाला. जावयाला मरायची घाई झालीय.

७ जानेवारी

चहा अर्धा कप. उल्काला विचारलं तर म्हणे, "दूध कमी आलंय." आमच्या घरी दूध फक्त माझ्याच कपात कमी येतं.

१२ जानेवारी

पहिली तालीम. राही म्हणजे काडीएवढी पोरगी, आवाज मात्र एसटीच्या कंडक्टरचा. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि शब्दांचा मारा सुरू. पॅरी म्हणजे अडवणं. लंज म्हणजे पाय टाकून झेप. रिपोस्ट म्हणजे अडवल्या अडवल्या उलट वार. फेंट म्हणजे हूल. गडकऱ्याची फौज म्हणजे दोन बागायतदार, एक पोस्टमन आणि एक भिक्षुक. सगळे तोंडं वासून उभे. भिक्षुक 'रिपोस्ट' पुटपुटत घरी गेला, संध्येत म्हणणार बहुतेक.

मी म्हटलं, आमच्याकडे आमची नावं आहेत. डोक्यावरून येतो तो माडावरचा. बाजूने येतो तो कोयतीचा. पायावर येतो तो गवतकाप्या. वडिलांनी ठेवलेली नावं.

वाटलं हसेल, मग भांडू. तर म्हणाली, "काका, भारीच की! हीच ठेवू या." भांडायची सोयच ठेवली नाही.

मग इतिहास. म्हणे फिरंग्याची तलवार सरळ, ती टोकाने भोसकायची. आपली वाकडी, ती धारेने ओढून कापायची. "आणि तुम्ही दोघंही इतकी वर्षं लाकडं फोडताय." शार्दूल दुखावला. बँकेत कॅशियर आहे बिचारा, तिथे त्याला एवढं कुणी बोलत नाही. मग तिने मुठीचे भाग दाखवले. टोकाची चकती ती गादी, तिच्यावरचं बोंड तो मोगरा. तलवारीला गादी आणि आम्हाला मरायला साधी सतरंजी नाही!

शेवटी तिने आमच्या लोखंडी तलवारी गोळा केल्या. जुन्या जीपच्या पाट्याच्या, वडिलांच्या वेळच्या. देवळाच्या खोलीत कुलूपबंद. त्याऐवजी अॅल्युमिनियमच्या दिल्या. पापड नुसते! हातात काही धरलंय असं वाटतच नाही.

हे मात्र हसण्यावारी नेता येत नाही. उद्या लिहीन.

१३ जानेवारी

लिहितो. इथे तरी कुणी वाचत नाही.

उजवा हात हलतो. गेल्या पावसाळ्यापासून. नुसता मांडीवर ठेवला तरी अंगठा बोटावर फिरत राहतो, तपकिरीची चिमूट धरल्यासारखा. काही उचलायला गेलं की थांबतो. उचललेलं धरून ठेवलं की पुन्हा सुरू. लोखंडी तलवारीच्या वजनाखाली गप्प बसला असता. पापडाखाली बसणार नाही.

कुणाला सांगितलेलं नाही. उल्कालाही नाही. सांगितलं की डॉक्टर आला. डॉक्टर आला की दुखण्याला नाव आलं. नाव पडलं की आप्पा म्हणणार, "विश्रांती घे हो आता," आणि कप्तान ठाण्याला जाणार. घराबाहेर गेलेलं सोंग परत येत नाही. मधल्या आळीचा हेर असाच गेला, तो आता कायमचा खालच्या आळीत हेरगिरी करतो. मला यंदा उभं राहायचंय. आमच्या घरचा कप्तान माझ्या हातून जाऊ नये, एवढंच.

आणि खरं सांगायचं तर सोंग हे निमित्त. मला भीती वाटते. त्या नावाचीच वाटते.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खा आणि अर्धा कप चहा प्या! आजपासून बशीही बंद. उल्का म्हणे, सगळ्या बश्या फुटल्या. सगळ्या? मला एकीचाही आवाज ऐकू आला नाही. बशीत ओतून फुर्र करून प्यायची माझी सवय तिला लग्नापासून आवडत नाही. डाव साधलान!

१९ जानेवारी

आज संपलंच होतं.

राही म्हणाली, "पवित्रा घ्या आणि सांगेपर्यंत तसेच थांबा." घेतला. शार्दूल समोर खांबासारखा. माझा पापड मात्र लागला थरथरायला. मुठीपाशी थोडंसंच, पण टोक वीतभर नाचतंय. संदेशने मोबाईल वर केला. मी मनात म्हटलं, घे बाबा, तूच घे कप्तान.

राही जवळ आली. टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ओरडली, "थांबा! सगळे इकडे बघा! काका काय करतायत?"

कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं, मी बोललो नाही.

"टोक स्थिर ठेवलं तर समोरच्याला कळतं, वार कुठून येणार. हलतं ठेवलं की त्याची नजर त्यातच अडकते. ही जुन्या तलवारबाजांची हूल आहे! काका, कोणी शिकवली?"

तोंडातून निघून गेलं, "वडिलांनी."

वडील वर हसून हसून पाटावरून पडले असतील.

आप्पा भारावले. "भास्करा, एवढी वर्षं लपवून ठेवलीस होय रे!"

लपवली होती हे मात्र खरं.

२१ जानेवारी

पोस्टमन विजेचं बिल देताना हात थरथरवून दाखवून गेला. "कशी काय जमत्येय?" म्हणाला. बरी जमत्येय म्हटलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर तालीम. हूल आता अधिकृत झालीय, नाव पडलंय 'भास्करी'. लढाई सुटली. पण मरण अडकलं!

गेल्या वर्षी मी उजव्या कुशीवर पडलो होतो, हात पोटाखाली दाबून. यंदाही तसंच पडलं की मेलेल्या कप्तानाचा हात कुणाला दिसणार नाही, असा माझा हिशेब. आज तसाच पडलो तर राहीने शिट्टी फुंकली! तिच्याकडे शिट्टी आहे.

"काका, तलवार अंगाखाली घेऊन पडायचं नाही. पातं बरगडीत जाईल. पडायच्या आधी तलवार लांब सोडायची, आणि हात उघडा, प्रेक्षकांना दिसेल असा. मेलेल्याचा रिकामा हात दिसला की विंगेतल्यांना कळतं, सगळं ठीक आहे."

मी म्हटलं, आमच्या घराण्याची मरायची पद्धत वेगळी आहे.

"मग घराण्यात खरंच कुणीतरी मरेल."

मी वाद घातला. हात उघडा टाकून मरणं फिरंग्याला शोभत नाही म्हटलं. फिरंगी अभिमानी असतात म्हटलं. भिक्षुकाने शास्त्राधार मागितला. संदेश लगेच जमिनीवर आडवा झाला, हात पसरून. "असं ना?" इतका निश्चल पडला की माशी येऊन बसली. राही म्हणाली, "परफेक्ट!"

मेलेला हात कसा असतो, हे मला ठाण्याच्या जावयाकडून शिकायचंय आता.

२ फेब्रुवारी

आज मी वर्ग घेतला. विषय: थरथरणे.

राहीनेच गळ घातली. "काका, भास्करी सगळ्यांना शिकवा." अख्खी फौज समोर बसली. काय शिकवणार, कप्पाळ! म्हटलं, खांदा धरायचा, मनगट सोडायचं, आणि मनात कुणीतरी दार वाजवतंय असं समजायचं. हे शेवटचं कुठून सुचलं कोण जाणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पोस्टमनला बरं जमलं. शार्दूलचं सगळं अंगच हलायला लागलं, हिवताप आल्यासारखं. संदेशचा हात नुसता हलतो, थरथरत नाही. मी चारदा करून दाखवलं. "काका, तुमच्यासारखं सहज येत नाही," म्हणाला. येऊ नये रे बाबा.

घरी आलो आणि हातावर बसून राहिलो. उल्का घावन घालत होती. "थंडी वाजत्येय का?" म्हणाली. हो म्हटलं. फेब्रुवारीत, चुलीपाशी बसून!

५ फेब्रुवारी

मोहोरावर तुडतुडे. दिवसभर फवारणी. पंपाची नळी धरली की हात पंपामुळे हलतो की आपणहून, हे कुणालाच कळत नाही. सुखाचा दिवस गेला.

९ फेब्रुवारी

राहीचं आजचं ज्ञान: लढाई मारणाऱ्याच्या हातात नसते. मार खाणाऱ्याच्या हातात असते. मार खाणारा आधी डोळ्यांनी 'हो' म्हणतो, मगच मारणारा हात उचलतो. 'हो' नसेल तर वार नाही. शार्दूलला पटेना. "मग गडकऱ्याचा पराक्रम कसला?" ती म्हणाली, "पराक्रम दिसतो तुमचा, असतो काकांचा." दोन तास फुगून बसला गडावर.

पण मला ते आवडलं. वेळ आपण ठरवायची. तयार आहोत असं बघायचं, मग समोरच्याने मारायचं. हे बाहेर कुठे असतं तर काय हवं होतं!

११ फेब्रुवारी

मांडवाचं बोलायला आप्पांकडे गेलो होतो. चहा आला, काठोकाठ भरलेला, खाली बशी. आत्ताच घेतला म्हणून हात जोडले. जोडलेले हात हलत नाहीत, हा नवा शोध. वाटेत वाटलं, उल्काचा चिक्कूपणा एका परीने बराच पडतो.

२३ फेब्रुवारी

रंगीत तालीम. पायात कप्तानाचे बूट, अंगात मखमली कोट, वास डांबराच्या गोळ्यांचा. लढाई झकास. माडावरचा, कोयतीचा, अडव, हूल, गवतकाप्या, सगळं तालात. मग मी डोळ्यांनी 'हो' म्हटलं, शार्दूलने मारलं, मी तलवार लांब सोडली, पडलो, हात उघडा टाकला. तोवर पडदा पडला! दोरीवरचा रामा झोपेत होता, दचकून त्याने ओढली. राहीने त्याला फैलावर घेतलं. मी त्याला नंतर गुपचूप पानसुपारी दिली. "भाऊ, मना वराडली ती आनि तुमी पान देताव?" म्हणाला. असू दे म्हटलं.

महाशिवरात्रीला मात्र तो जागा असणार.

२७ फेब्रुवारी

काल नाटक झालं. क्रमाने लिहितो.

पहिले दोन अंक नेहमीसारखे, म्हणजे लोक गप्पा मारत होते. मुंबईकर, पाहुणे, रत्नागिरीहून गाड्या करून आलेले लोक, मांडव भरून मागे दगडी गडग्यावर माणसं. तिसऱ्या अंकात लढाई सुरू झाली आणि मांडव गप्प झाला. पवित्र्यात थांबलो. टोक नाचायला लागलं. मागून कुणीतरी ओरडलं, "भास्करी!" टाळ्या. गावाने आधीच प्रसिद्धी करून ठेवलीय! शार्दूलही आपली हूल थरथरवू लागला. समोरासमोर दोन तलवारी हलताहेत, एक खोटी, एक खरी, आणि टाळ्या दोघींना सारख्याच.

मग शेवटचा वार. मी क्षणभर 'हो' म्हटलंच नाही. शार्दूल तलवार उगारून ताटकळला, कपाळावर घाम. शेवटी म्हटलं. त्याने मारलं. तलवार सोडली, पडलो, हात उघडा, लोकांकडे.

आणि तो सुरू झाला.

अंगठा फिरतोय, बोटं फिरताहेत, वर हॅलोजनचा झोत. मी मेलेलो. मेलेल्या माणसाला हात ओढून घेता येत नाही. रामाने पडदा सोडावा म्हणून देवाला हाक मारली. रामा जागा होता, पण हात बघत बसला होता.

बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "अगो बाई, हात बघ गो!" मग दुसऱ्या बाजूने, "मेल्यावरही लढतोय मेला!" आणि जो काही मांडव उठला! शिट्ट्या, टाळ्या, वन्स मोअर. वडिलांनाही एवढा मिळाला नव्हता.

उठलो. उठताना समोर बघितलं. पहिल्या रांगेत सगळ्या टाळ्या वाजवत होत्या, एकट्या उल्काचे हात पदराखाली. थंडी असेल. पुन्हा लढलो, पुन्हा मेलो. दुसऱ्यांदा हात आवरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. तो तिथे फळीवर एकटाच नाचत होता, लोक त्याला डोक्यावर घेत होते, आणि मी डोळे मिटून पडलो होतो. रडू आलं. मेलेल्याला रडताही येत नाही, तेही गिळलं.

नंतर आप्पांनी शाल घातली. "भास्करा, कप्तान तुझ्याच घरचा. आता कुणी ब्र काढायचा नाही." हेच हवं होतं ना? मिळालं. संदेश पाया पडला. "काका, ती मेल्यावरची हूल मला शिकवाल?"

शिकवीन म्हटलं. थोडं वय होऊ दे.

राही शेवटी आली. म्हणाली, "काका, हे आपण बसवलं नव्हतं."

"नाही."

ती हाताकडे बघत राहिली. जगातल्या प्रत्येक हालचालीला जिच्याकडे एकेक शब्द आहे, ती गप्प!

२८ फेब्रुवारी

आजही अर्धा कप. गावचा हिरो झालो तरी दूध कमीच.

३ मार्च

उल्काचा गुडघा दुखतोय म्हणून सकाळी तिला घेऊन रत्नागिरीला गेलो. ती नेईल तिथे गेलो. दारावरची पाटी वाचली तेव्हा कळलं की हा गुडघ्यांचा डॉक्टर नव्हे. मी मागे फिरलो तर तिने दंड धरला.

आत गेलो. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अरे, कप्तान! मी होतो की परवा तुमच्या नाटकाला, सहकुटुंब!" काय होतंय म्हणाले. मी उजवा हात पुढे केला. तो लागला आपलं काम करायला. डॉक्टर खो खो हसले. "अहो काका, ते नाटकातलं नका दाखवू! खरं काय होतंय ते सांगा." मदतनीस मुलगीही हसली. मीही हसलो. वाटलं, सुटलो! हसत हसत उठावं आणि घर गाठावं.

उल्का हसली नाही. तिने माझा हात धरून टेबलावर ठेवला आणि आपला हात काढून घेतला. म्हणाली, "डॉक्टर, हे नाटक नव्हे. गेल्या गौरींपासून मी यांना चहा अर्धा कपच देत्येय. भरला की सांडतो यांच्या हातून. बशी वाजते, म्हणून बश्या माळ्यावर ठेवल्या."

म्हणजे दूध कधी कमी आलंच नव्हतं.